विचारा की! : पाळकसाहेबांच्या हातातला फोन

या महिन्याच्या टपालात बहुतेक प्रश्न चर्चच्या मंडळ्यांच्या फोनबद्दलच आले. त्यातले तीन घेते.

प्रश्न : मी ऐरोलीत चर्चचा पाळक (पास्टर) आहे, वय ५८. तरुण संघ म्हणतो, यूट्यूबवर लाइव्ह करू, रील्स टाकू. मला फोनवर बोलण्यापलीकडे फारसे येत नाही. या वयात शिकावे का? आणि उपासनेचा तमाशा तर होणार नाही?

पाळकसाहेब, सलाम. वयाचे सोडा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर २०१२मध्ये पहिले ट्विट केले तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. (आपण कॅथलिक नसलो म्हणून काय झाले, कौतुक करायला हरकत नाही.) आपल्याकडे तर ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ सालीच तेव्हाच्या अहमदनगरला निघाले. तमाशाची भीती मात्र खरी आहे, आणि ती तुम्हाला वाटते हे बरेच आहे.

म्हणून लाइव्हपासून सुरुवात करू नका. कागद घ्या आणि रविवारी कोण येऊ शकत नाही त्यांची नावे लिहा. ऐरोलीत यादी लांब निघेल : रबाळे-महापेच्या कंपन्यांत पाळीवर जाणारे, हॉस्पिटलातल्या नर्स, लिफ्ट नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या आजी. त्यांना शनिवारी संध्याकाळी तीनेक मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. बायबलचे एक वचन, त्यावर चार वाक्ये, प्रार्थना. शेवटी उद्याची वेळ सांगा, आणि ट्रान्स-हार्बर लोकलवर मेगाब्लॉक असेल तर तेही. घणसोलीचा माणूस एकदा प्लॅटफॉर्मवर ताटकळला की पुढच्या रविवारी घरीच बसतो. आमच्या मंडळीतली एक नर्स रात्रपाळी उरकून परतताना कोपरखैरणे ते ठाणे असा मेसेज गाडीत ऐकते. परवा म्हणाली, “साहेब मध्येच खोकले ना, ते ऐकून बरं वाटलं. आपल्याच घरात कुणी बोलतंय असं.”

यासाठी ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात. मेख एवढीच की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोहोचतो. तेव्हा घरभेटीला गेलात की चहा येईपर्यंत आजींच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून या.

लाइव्ह मागाहून, हौस टिकली तर. मोबाइलवरून यूट्यूब लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्या वेळी ती सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून रविवारी सकाळी खटपट करत बसू नका. फोन मागच्या बाकावर पंख्याखाली ठेवाल तर संदेश पंखाच देईल. कॉलरला लावायचा माइक घ्या. गाण्यांचे म्हणाल, तर आपली भजने रचणारे ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या शब्दांवर आता कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. पण दुसऱ्या कोणी गायलेले रेकॉर्डिंग रीलखाली लावलेत, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि दावा येऊ शकतो. तुमच्या क्वायरलाच गाऊ द्या, पेटी जरा बेसूर असली तरी.

प्रश्न : माझ्या ऑपरेशनबद्दल मी फक्त पाळकांना प्रार्थनेसाठी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ते नावानिशी मंडळीच्या ग्रुपवर. आता बाजारात बायका थांबवून चौकशी करतात. पाळक मनाने चांगले आहेत, त्यांना दुखवायचे नाही. काय करू? (एक भगिनी, कळवा)

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंक कॉल जोडताना कोणाच्या घरची कसली भानगड कानावर पडेल, नेम नसे. ड्यूटी संपली की ती तिथेच टाकून घरी यायचे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलेले. पाळकांच्या कानाला तर हा नियम आणखी कडक.

तुमच्या पाळकांचे झाले असे असणार की ग्रुप म्हणजे बुधवारची प्रार्थनासभाच, असे त्यांना वाटते. सभेत ओळखीची तीस-चाळीस माणसे असतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात १,०२४पर्यंत मावतात. त्यात पुण्याला गेलेले जुने सभासद असतात, कोणाचा तरी भाचा असतो, आणि मेसेज पुढे ढकलायला एक बोट पुरते.

तेव्हा ग्रुपवर काही न बोलता त्यांच्या नंबरवर लिहा : “साहेब, माझ्यासाठी प्रार्थना केलीत, आभारी आहे. पण माझे नाव आणि आजार ग्रुपवर आल्याने मला फार अवघडल्यासारखे झाले. तो मेसेज काढा आणि पुढे कोणाचेही विचारल्याशिवाय टाकू नका.” एवढ्याने चांगला माणूस दुखावत नाही. ज्यांनी वाचले त्यांनी वाचले, पण निदान फिरणे तरी थांबेल.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने हा नियमच करावा. विनंती पाळकांच्या नंबरवर द्यायची, ग्रुपवर ‘एका भगिनीच्या प्रकृतीसाठी’ एवढेच जायचे. नाव हवे तर त्या व्यक्तीने स्वतः हो म्हटल्यावर. रविवारच्या शाळेतल्या मुलांचे फोटोही आईबापांना विचारूनच टाका.

बाजारातल्या बायकांना ‘बरी आहे हो’ म्हणा आणि मेथी कशी दिली ते विचारा.

प्रश्न : लाइव्ह उपासनेत दानार्पणाच्या वेळी क्यूआर कोड दाखवायचा विचार आहे. कॅनडातले जुने सभासदही पैसे पाठवू म्हणतात. चालेल? (खजिनदार, नेरूळ)

क्यूआर मंडळीच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या किंवा तुमच्या खात्याचा एका रविवारपुरतासुद्धा नको. स्कॅन केल्यावर कोणते नाव दिसायला हवे ते मोठ्याने वाचून दाखवा.

कॅनडाचे प्रकरण पासपोर्टवर ठरते. भारतीय नागरिक राहून तिथे नोकरी करणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिथले नागरिकत्व घेतले असेल तर ठरतात, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) असो की जन्म नेरूळचा असो. अशा पैशाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तुमच्याकडे हे नसेल तर त्यांचे पैसे घेऊ नका. पासपोर्ट कुठला हे विचारायला संकोचू नका. सख्खा मेहुणा असेल तर आधी त्यालाच विचारा.