३ किलोवॅट सोलर असूनही बिल शून्य का येत नाही? ५ किलोवॅट करावं का?

तुम्ही लातूरचे आहात, घरगुती सिंगल फेज कनेक्शन आहे आणि मार्चपर्यंत साठलेले (वापरून उरलेले, महावितरणला दिलेले) युनिट एप्रिलच्या बिलात दिसत नाहीत, असं प्रश्नात म्हटलंय. त्यावरून सांगतो.

आधी शून्याचं. सोलर फक्त युनिट कापतं. युनिट शून्य झाले की वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) जातो, पण दर महिन्याचा ठरलेला स्थिर आकार जात नाही. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून सिंगल फेजला महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास भरावेच लागतात. थ्री फेज घेतलं तर हाच आकडा पाचशेच्या घरात जातो. त्यामुळे कुणी उगाच थ्री फेज करायला सांगत असेल तर नको म्हणा. ५ किलोवॅट सिंगल फेजवरही चालतं.

आता गेलेले युनिट. हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. ३१ मार्चला उरलेले युनिट महावितरण घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी भावाने विकत घेतं आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. आपल्याकडे गोची इथेच होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन कडक, पण कूलर अजून माळ्यावरच. समजा महिन्याला ३६० युनिट बनले, त्यातले १२० दिवसा घरातच वापरले, २४० ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांवर गेले आणि रात्री १५० घेतले, तर ९० जमा. एप्रिलमध्ये रात्रभर कूलर, एसी सुरू झाले की घेतलेले २९० आणि दिलेले २०० होतात. नेमके तेच ९० युनिट हवे असतात, पण त्यांचा हिशोब केव्हाच मिटलेला असतो.

म्हणून ५ किलोवॅटची घाई नको. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८ हजार आहे आणि ५ ला तेवढंच, म्हणजे वरचे २ किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. सोलर बसवण्याआधीच्या बारा बिलांच्या युनिटची बेरीज करा, १२ ने भागा, मग १२० ने भागा. उत्तर ३ च्या आसपास आलं तर आहे तेच पुरे. मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरका. तेव्हा सोलरची वीज घरातच वापरली जाते, नेट मीटरपर्यंत (घेतलेले आणि दिलेले युनिट मोजणाऱ्या मीटरपर्यंत) जातच नाही.

बिल तरीही जुळत नसेल तर मीटर बघा. नेट मीटरचं बटण दाबत गेलं की घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे दिसतात. रीडिंगच्या दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा. नवीन मीटरनंतर पहिली एक-दोन बिलं बऱ्याचदा दिलेले युनिट न धरताच निघतात, कारण सिस्टीममध्ये ग्राहक नेट मीटरिंगचा म्हणून चढलेलाच नसतो. फोटो जोडून उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून काही होत नाही.

आणि निर्मितीच कमी वाटत असेल तर दुपारी सोलरच्या इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर व्होल्टेज बघा. ते इन्व्हर्टरच्या ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की तो स्वतःहून बंद पडतो. ती तक्रार महावितरणच्या वायरमनकडे करायची, सोलरवाल्याकडे नाही.