क्रोमियममध्ये स्वतःची यूआरएल स्कीम घातली, पण लोकलस्टोरेज चालत नाही. काय राहून गेले असावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: गिरगावातील ग्रंथालयाने जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून वाचनकक्षातील लिनक्स संगणकांवर ठेवले आहेत. ते 'ग्रंथ://' या पत्त्याने उघडावेत म्हणून आपण क्रोमियमचा (क्रोम ज्यावर आधारलेला आहे त्या मुक्त-स्रोत ब्राउझरचा) स्वतःचा बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेली आवृत्ती, तयार केला. अंक उघडतो, परंतु वाचकाचे शेवटचे पान लोकलस्टोरेजमध्ये (पानाची माहिती ब्राउझरमध्येच जपणाऱ्या साठ्यात) साठवू गेल्यास सिक्युरिटी एरर येते. मीही मुंबईत क्रोमियमच्या बिल्डवरच काम करतो, त्यामुळे हे लक्षण मला परिचित आहे. (स्कीमचे, म्हणजे पत्त्यातील '://' च्या आधीच्या भागाचे, नाव येथे देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्षात ते रोमन अक्षरानेच सुरू व्हावे लागते आणि पुढे रोमन अक्षरे, आकडे, अधिक, उणे व टिंब एवढेच चालते. पत्त्यांच्या रचनेचे मानक असलेल्या आरएफसी ३९८६ चा हा नियम आहे.)

आपण लिहिलेली यूआरएल लोडर फॅक्टरी ठीक आहे, कारण पान दिसते आहे. परंतु फॅक्टरी फक्त 'या पत्त्याचा मजकूर कुठून आणायचा' एवढेच ठरवते. त्या मजकुराला कोणते ओरिजिन (पान कोठले आहे ही ब्राउझरने धरलेली ओळख) मिळेल, हे ठरते स्कीमच्या नोंदणीवर. स्कीम 'स्टँडर्ड' म्हणून नोंदवलेली नसेल तर क्रोमियम प्रत्येक पानाला ओपेक (इतर कशाशीही न जुळणारे) ओरिजिन देते, म्हणजे एकाच अंकाची दोन पानेही एकमेकांना परकी ठरतात, आणि अशा पानाला लोकलस्टोरेज मिळतच नाही. अलीकडच्या क्रोमियममध्ये नोंदणी नसलेल्या पत्त्यातूनही होस्ट ('://' नंतरचे नाव) नीट वेगळा काढला जातो, त्यामुळे पत्त्याकडे पाहून सगळे जागेवर असल्याचे वाटते आणि दोष लवकर सापडत नाही.

नोंदणीची जागा क्रोमियमच्या कोडमधील कंटेन्ट क्लायंट या क्लासातील 'ॲड ॲडिशनल स्कीम्स' हे फंक्शन आहे. क्रोममध्ये ते क्रोम कंटेन्ट क्लायंटच्या फाइलीत सापडेल. ते ब्राउझर प्रोसेसमध्ये (मुख्य प्रोसेस) चालते तसेच प्रत्येक रेंडरर प्रोसेसमध्येही (पाने चालवणारी प्रोसेस) चालते, आणि ते तसेच व्हायला हवे, कारण दोन्ही बाजूंनी पत्त्याचा अर्थ वेगवेगळा लावला तर उद्भवणारे दोष शोधणे फार कठीण जाते. नोंदणी सुरुवातीलाच करावी लागते. त्यानंतर यादीला कुलूप लागते. आपली स्कीम स्टँडर्ड यादीत घाला. सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) किंवा वेब क्रिप्टो (ब्राउझरमधील कूटलेखन) लागणार असेल तर सिक्युअर यादीत, आणि पानातून फेच (स्क्रिप्टद्वारे मजकूर मागवणे) करायचे असेल तर कॉर्सच्या (दुसऱ्या ओरिजिनकडून मजकूर मागवण्याच्या नियमांच्या) यादीतही घाला. सीएसपी (पानात काय लोड होऊ द्यायचे याचे सुरक्षा-धोरण) चुकवणारी यादीही तेथेच दिसेल. तिला कृपया हात लावू नका.

नोंदणी झाली की आणखी एक गोष्ट समोर येईल. स्टँडर्ड स्कीमच्या होस्टला वेबचे सगळे नियम लागू होतात: मोठी रोमन अक्षरे छोटी होतात आणि निव्वळ आकड्यांचा होस्ट आयपी पत्ता समजला जातो. आपण अंकाचा दाखलक्रमांक होस्टच्या जागी ठेवला असेल, तर 'ग्रंथ://१९२७/' चे रूप 'ग्रंथ://०.०.७.१३५/' असे होईल आणि फॅक्टरीला तो अंक सापडणार नाही. म्हणून होस्ट 'संग्रह' असा एकच ठेवा आणि दाखलक्रमांक पाथमध्ये (होस्टनंतरच्या भागात) घ्या, म्हणजे 'ग्रंथ://संग्रह/१९२७/पान-५' असे. त्यामुळे साऱ्या संग्रहाला एकच ओरिजिन मिळेल आणि वाचनखुणा एका ठिकाणी राहतील.

पत्ता टाकल्यावर तो सर्चला गेला किंवा लिंकवर क्लिक केल्यावर ब्राउझरने बाहेरचे ॲप शोधायला सुरुवात केली, तर हाताळता येणाऱ्या स्कीमच्या यादीत आपले नाव नाही असे समजा; 'इज हँडल्ड यूआरएल' तेथूनच उत्तर देते. वडापावच्या गाडीवरील क्यूआर कोडमधला 'यूपीआय://पे' हा पत्ता असाच बाहेरच्या ॲपकडे सोपवला जाण्यासाठी असतो. आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र सुरक्षेला द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपली फॅक्टरी ब्राउझर प्रोसेसमध्ये चालते, तिला रेंडररसारखा सँडबॉक्स (प्रोसेसला संगणकावर मुक्त हात न देणारे कुंपण) नसतो, त्यामुळे ती त्या संगणकावरील वापरकर्त्याला दिसणारी कोणतीही फाइल वाचू शकते. पाथ डीकोड केल्यानंतर अंतिम फाइल संग्रहाच्या फोल्डरमध्येच आहे का, हे प्रत्येक विनंतीला तपासा. टक्केवारी-एन्कोडिंगमध्ये लपवलेले दोन टिंब आणि तिरकी रेघ डीकोड होण्यापूर्वी केलेल्या तपासणीला चुकवून जातात. चित्रे व स्क्रिप्ट यांच्यासाठीची फॅक्टरी ज्या फ्रेमचे ओरिजिन आपल्याच स्कीमचे आहे तिलाच द्या, अन्यथा वाचकाने उघडलेले कोणतेही संकेतस्थळ ग्रंथालयातील पाने मागू शकेल.

जुन्या उत्तरांत 'यूआरएल रिक्वेस्ट जॉब फॅक्टरी' वापरायला सांगितलेले आढळेल. नेटवर्क सर्व्हिस वेगळी झाल्यापासून तो मार्ग आपल्या कामाचा राहिलेला नाही. तसेच क्रोमियमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी आपल्याला तिच्यामागोमाग बिल्ड करावाच लागेल. एवढे मनुष्यबळ ग्रंथालयाकडे नसेल आणि अंक एचटीटीपीएस सर्व्हरवर ठेवणे शक्य असेल, तर ब्राउझरला हात न लावता 'रजिस्टर प्रोटोकॉल हँडलर' (संकेतस्थळाला एखादी स्कीम आपल्याकडे वळवू देणारे ब्राउझरचे फंक्शन) वापरून 'वेब+ग्रंथ' अशी स्कीम घेता येते. ती केवळ आपल्या सर्व्हरवरील पानाकडे पाठवते, स्वतंत्र ओरिजिन देत नाही. पण आपली लोकलस्टोरेजची गरज त्या पानाच्या ओरिजिनमध्येच भागेल.