तळघरात सापडलेली जुनी छोटी कुऱ्हाड कोणाची आणि किती वर्षांची, हे कसं ओळखायचं?

तुमच्या वर्णनावरून मला कळलं ते असं: अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराजवळ १९२६ साली बांधलेलं घर तुम्ही घेतलंत, तळघरातल्या फळीवर एक छोटी कुऱ्हाड मिळाली. पातं अरुंद, मागच्या बाजूला हातोडी, हातोडीच्या तोंडावर बारीक चौकटी, पात्याच्या खालच्या कडेला एक खाच आणि गंजाखाली 'कीन कटर' अशी अक्षरं. ती कोणाची, किती जुनी आणि घासून चकचकीत करावी का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथेच आहे. कृपा करून तिला अजून तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. मी अमेरिकेत येऊन जुनी हत्यारं जमवायला लागलो तेव्हा पहिलीच कुऱ्हाड ड्रिलला तारेचं चाक लावून अर्ध्या तासात आरशासारखी केली. सोबत बनवणाऱ्याचं नावही घासलं गेलं. ती अजून माझ्याकडे आहे आणि ती कोणाची हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ओळख. बहुतेक लोक आधी ठसा शोधतात. मी आधी आकार बघतो, कारण हे हत्यार कोणत्या कामाचं हे आकार सांगतो आणि ते काम कधी बंद पडलं हे कळलं की काळ निम्मा सापडतो. तुमची कुऱ्हाड लाकूड फोडायची नाहीच. कुऱ्हाड आडवी धरून बघा: पात्याची वरची कड आणि हातोडीचा माथा एका सरळ रेषेत असेल. सरपणाच्या छोट्या कुऱ्हाडीचं पातं धारेकडे वरखाली दोन्ही बाजूंना पसरतं, हिचं फक्त खाली उतरतं. ही गिलाव्यामागच्या पट्ट्या ठोकणाऱ्या कारागिराची कुऱ्हाड आहे. इथे तिला लेदिंग हॅचेट म्हणतात.

त्या काळच्या अमेरिकी घरांच्या भिंती आतून लाकडी खांबांच्या असत. खांबांवर साधारण दीड इंच रुंद, पाव इंच जाड आणि चार फूट लांब अशा पट्ट्या आडव्या ठोकायच्या, दोन पट्ट्यांत थोडी फट ठेवायची आणि वरून गिलावा दाबायचा. ओला गिलावा फटीतून मागे उतरून फुगतो, वाळला की तोच त्याला धरून ठेवतो. कारागीर खिळे तोंडात धरून एकामागून एक ठोकत जायचा. पट्टी लांब झाली तर हातातलं हत्यार न बदलता पात्याच्या एका घावात तोडायची, खिळा वाकडा गेला तर खाचेत अडकवून उपटायचा. हातोडीच्या चौकटींमुळे घाव खिळ्याच्या माथ्यावरून घसरत नाही. आणि वरची कड सरळ का, तर छताला लागून ठोकताना पात्याचं टोक छतावर आपटू नये म्हणून. मला या हत्याराची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. पोटमाळ्यावर चढून भिंतीची मागची बाजू दिसते का बघा. पट्ट्यांच्या फटींतून बाहेर आलेले गिलाव्याचे फुगे तिथे दिसतील.

दुसऱ्या महायुद्धानंतर जिप्समचे तयार तक्ते सगळीकडे आले आणि हे काम झपाट्याने मागे पडलं. तक्ते ठोकायचं आजचं हत्यार याच कुऱ्हाडीची मुलगी म्हणावी असं आहे, पण त्याच्या हातोडीचं तोंड फुगीर असतं, म्हणजे खिळ्याभोवती तक्त्यात हलका खड्डा पडतो आणि तो नंतर भरून घेता येतो. तुमच्या हातोडीचं तोंड सपाट असेल तर मी सांगतोय तीच ही.

मग ठसा. कीन कटर हे सेंट लुईसच्याच सिमन्स हार्डवेअर कंपनीचं नाव. ही मुळात घाऊक व्यापारी पेढी होती: वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल बनवून घ्यायचा आणि स्वतःचं नाव घालून देशभर विकायचा. त्यामुळे ठशावरून विकणारा कळतो, घडवणारा बहुतेक वेळा कळत नाही. जुन्या ठशात पाचरीच्या आकाराची चौकट असते आणि 'कीन कटर'च्या वर 'ई. सी. सिमन्स' हे संस्थापकाचं नाव. १९४० साली त्याच शहरातल्या शेपली हार्डवेअरने सिमन्स विकत घेतली. म्हणून सिमन्सचं नाव सापडलं तर कुऱ्हाड १९४० च्या आधीची मानायला हरकत नाही. सापडलं नाही म्हणून ती नंतरची ठरत नाही, कारण वरची ओळ झिजून जाणं अगदी सहज होतं. नंतर कीन कटर हे नाव आणखीही हातांत गेलं, एवढं ध्यानात असू द्या.

ठसा वाचायला घासावं लागत नाही. रात्री दिवे बंद करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, पुसट अक्षरं सावलीमुळे उठून येतात. किंवा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसं.

एखादा पेटंटचा मजकूर दिसला तर तो सोन्यासारखा समजा. १९२७ पर्यंत अमेरिकेत मालावर पेटंटची तारीख घालत, त्यानंतर क्रमांक घालायची पद्धत आली. इतर वाचकांपैकी कुणाच्या कुऱ्हाडीवर स्वीडन किंवा जर्मनी असं इंग्रजीत कोरलेलं असेल, तर बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव असलंच पाहिजे हा अमेरिकी नियम १८९१ पासूनचा आहे.

धातूही बोलतो. आमच्या गावचा लोहार कुऱ्हाड साध्या लोखंडाची घडवायचा, धारेपुरतं पोलाद बसवायचा आणि मग तेवढ्यालाच पाणी द्यायचा. पोलाद महाग होतं तोवर अमेरिकेतले कारखानेही तेच करत. धारेपासून इंच-दीड इंचावर रंगाची फिकट रेघ आडवी गेलेली दिसली तर तो जोड. रेघ नसेल तर सगळं एकसंध पोलाद, म्हणजे विसाव्या शतकाकडे कल. पण काही कारखाने जोडाची पद्धत विसाव्या शतकातही वापरत होते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

दांड्यावरून तर काहीच ठरवू नका. दांडे मोडतात, बदलतात. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, वरून बघा, लाकडी पाचरीशेजारी नवी कोरी लोखंडी पाचर असेल तर दांडा नंतर बसवलेला.

सिमन्सचं नाव निघालं तर माझा अंदाज १९०० ते १९४० मधला. ती तुमच्याच घराच्या कामावर वापरली गेली असेल असं मलाही वाटून जातं, पण घराच्या वयाचा शिक्का हत्यारावर मारू नका. अशा कुऱ्हाडी खूप बनल्या, तेव्हा मोठी किंमत येईल अशी आशा धरू नये. जपण्याजोगी मात्र नक्की आहे.

ठशाचा कागद घेऊन झाला की रॉकेलमध्ये भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने वरवरचा लाल गंज तेवढा काढा, काळपट थर राहू द्या. नाव आहे तिथे फक्त फडकं फिरवा. धार नव्याने काढू नका. दांड्याला जवसाचं तेल हलक्या हाताने चोळा आणि ते फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं. पसरून बाहेर वाळवा.

पेन्सिलीच्या छापाचा फोटो टाकलात तर वरची ओळ वाचायचा प्रयत्न मी करतो.