वाचकांचे प्रश्न : कसरतींची रंगीत विमाने पुढे कुठे जातात?

प्रश्न : आम्ही भिंड रोडवर दीनदयाल नगरात राहतो. महाराजपुऱ्याच्या तळावरून उठणारी मिराज विमाने रोज डोक्यावरून जातात आणि ती सगळी करड्या रंगाची असतात. लहानपणी दूरदर्शनवर ‘सूर्यकिरण’ पथकाची केशरी-पांढरी विमाने पाहिली होती. आता त्या पथकाकडे वेगळीच विमाने दिसतात. मग त्या जुन्या विमानांचे काय झाले? एवढ्या हौसेने रंगवलेले विमान संग्रहालयात ठेवतात, की तेही भंगारात जाते? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : आपण पाहिलेली विमाने ‘किरण मार्क २’ या जातीची होती. २०११ मध्ये पथकाचे कार्यक्रम थांबले तेव्हा त्यांच्या वाट्याला भंगारही आले नाही आणि संग्रहालयही नाही, कारण हवाई दलाला ती नव्या वैमानिकांच्या शिक्षणासाठी तातडीने हवी होती.

‘किरण’ हे मुळातच शिकाऊ विमान आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते घडवले, त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९६४ मध्ये झाले आणि त्यात शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. पुढे अधिक ताकदीचे इंजिन व शस्त्रे टांगण्याची सोय असलेली ‘मार्क २’ आवृत्ती आली, आणि १९९६ मध्ये बीदर येथे ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले तेव्हा तिचीच निवड झाली. प्रेक्षकांना दिसणारे वेगळेपण म्हणजे रंग आणि धूर, एवढेच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात डिझेल सोडले की त्याची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात आणि मागे पांढरा पट्टा उमटतो. बाकी सांगाडा व इंजिन प्रशिक्षण केंद्रातल्या किरणसारखेच होते.

अडचण दुसऱ्याच एका विमानामुळे उभी राहिली. भावी वैमानिकांना पहिले धडे ज्यावर दिले जात, ते पंख्याचे ‘एचपीटी-३२’ विमान २००९ मध्ये जुलैअखेरच्या एका अपघातानंतर जमिनीवर ठेवण्यात आले. त्या अपघातात दोन प्रशिक्षक गेले होते, आणि त्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडण्याचा इतिहास आधीपासूनच होता. एचपीटी-३२ बाजूला झाल्यावर पहिल्या टप्प्याचा भारही किरणवर आला, जे तोवर दुसऱ्या टप्प्यासाठी वापरले जात असे. किरणची जागा घेण्यासाठी आखलेले ‘एचजेटी-३६’ २००३ मध्ये प्रथम उडाले होते, पण ते हवाई दलाच्या हाती वेळेवर पडले नाही. अशा ओढाताणीत नऊ विमानांचे पथक केवळ कसरतींसाठी राखून ठेवणे परवडणारे नव्हते. फेब्रुवारी २०११ मधील बंगळूरच्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनानंतर पथक थांबवण्यात आले. ते पुन्हा उभे राहिले २०१५ मध्ये, आणि या वेळी ‘हॉक मार्क १३२’ ही शिकाऊ जेट विमाने घेऊन. आज आपल्याला दिसतात ती हीच लाल-पांढरी विमाने. मधल्या काळात स्वित्झर्लंडची ‘पिलाटस पीसी-७’ विमाने २०१३ पासून येऊ लागली आणि पहिल्या टप्प्याचा भार त्यांनी उचलला. कसरतपटू विमानांना वर्गात पाठवावे लागले, याचा दोष पथकाकडे जात नाही. शिकाऊ विमानांच्या खरेदीचे निर्णय वर्षानुवर्षे लांबले आणि त्याची झळ पथकाला बसली, असे माझे मत आहे.

भडक रंगाचे विमान प्रशिक्षणाला कसे चालते, अशी शंका येईल. उलट तेथे तो रंग सोयीचाच असतो. एकाच आभाळात नवशिके वैमानिक घिरट्या घालत असतात, तेव्हा एकाने दुसऱ्याला लांबून ओळखणे फार महत्त्वाचे असते, म्हणून जगभर शिकाऊ विमाने उठावदार रंगात ठेवतात. ब्रिटिश हवाई दलाने या प्रश्नाची चाचणी घेतली, तेव्हा आभाळाच्या पार्श्वभूमीवर सर्वांत आधी नजरेत भरणारा रंग म्हणून चकचकीत काळा रंग पुढे आला, आणि तेथील शिकाऊ हॉक विमाने काळी झाली. लपण्याची गरज लढाऊ विमानाला असते, म्हणून आपल्याकडची मिराज करड्या रंगात दिसतात.

आता प्रश्नाच्या व्यापक भागाकडे वळतो. विमानाचे पुढे काय करायचे, हे ठरवताना त्याच्या रंगाला कोणी विचारत नाही. विचार होतो तो सांगाड्यात किती आयुष्य उरले आहे याचा, आणि ते केवळ उड्डाणतासांनी मोजून भागत नाही. तीव्र वळण घेताना पंखांच्या मुळाशी विमानाच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, असे प्रत्येक वळण धातूला थोडे थोडे थकवते, आणि या थकव्याची नोंद विमानागणिक ठेवली जाते. सरळ रेषेत तासभर जाणारे विमान आणि वीस मिनिटे गोते व गिरक्या घेणारे विमान यांत दुसऱ्याचे आयुष्य अधिक खर्ची पडते. त्यामुळे कसरतींचे विमान दिसायला कितीही तरतरीत असले, तरी आतून ते आपल्या वयापेक्षा थकलेले असू शकते.

आयुष्य उरलेले असले तर विमान आपल्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत, परत जाते. वर्धापनदिनासाठी शेपटीवर काढलेले चित्र पुढच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी रंगाखाली जाते आणि वर्षभराने कोणते विमान सजवले होते, हे ओळखूही येत नाही. कॅनडाचे हवाई दल दर वर्षी प्रात्यक्षिकांसाठी एक सीएफ-१८ विमान नव्या विषयाने रंगवते. २०१७ मध्ये देशाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त ते लाल-पांढरे होते. अमेरिकी नौदलाचे ‘ब्लू एंजल्स’ पथकही असेच चालते. त्याच्या विमानातील तोफ काढून त्या जागी धुराच्या तेलाची टाकी बसवलेली असते, पण गरज पडल्यास बहात्तर तासांत ते लढाईसाठी सज्ज करता यावे, अशी अट आहे. कसरतींच्या विमानाकडे ही सरकारे कोणत्या नजरेने पाहतात, ते या अटीवरून कळते.

आयुष्य संपत आले असेल तर वाटा वेगळ्या होतात. त्यांतली मला सर्वांत आवडणारी हकिगत ब्रिटिश जग्वारची आहे. आपल्या हवाई दलात १९७९ पासून असलेले ‘शमशेर’ ते हेच विमान. ब्रिटनने २००७ मध्ये आपली जग्वार निवृत्त केली, तेव्हा ‘एक्सएक्स ११९’ या क्रमांकाच्या विमानाला निरोपासाठी जग्वार या रानटी प्राण्यासारखे सोनेरी अंग आणि त्यावर काळे ठिपके रंगवण्यात आले. समारंभ संपल्यावर ते कॉसफर्ड येथील तंत्रज्ञांच्या शाळेत दाखल झाले, म्हणजे ते पुन्हा उडणार नव्हते, पण नव्या मुलांचे हात त्याच्यावर तयार होणार होते. आपल्या ‘किरण’प्रमाणे तेही शिकवायलाच गेले, फक्त जमिनीवर राहून. ‘ब्लू एंजल्स’ने नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी हॉर्नेट विमाने सोडली, तेव्हा पथकाच्या क्रमांक एकच्या विमानाला वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उड्वार-हेझी केंद्रात जागा मिळाली. हे भाग्य मात्र मोजक्याच विमानांना लाभते.

सर्वसामान्य विमानाचा शेवट रुक्ष असतो. आधी इंजिन, रेडिओ, चाके, हायड्रॉलिक पंप असे उपयोगी भाग काढून भांडारात जमा होतात, इजेक्शन सीटखालची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखालची) स्फोटके निकामी केली जातात, मग विमान निर्लेखित होते, म्हणजे नोंदीतून कायमचे काढले जाते, आणि सांगाडा लिलावात जातो. हे भागच पुष्कळदा संपूर्ण विमानापेक्षा मोलाचे ठरतात. फ्रान्स व ओमान यांनी निवृत्त केलेली जग्वार आणि फ्रान्सची जुनी मिराज भारताने याच कारणासाठी मिळवली, कारण ज्यांचे उत्पादन बंद झाले आहे त्या विमानांचे सुटे भाग मिळवण्याचा तोच सोपा मार्ग उरतो. तेव्हा आपल्या घरावरून जाणाऱ्या एखाद्या मिराजमध्ये परदेशातल्या सजवलेल्या मिराजचा एखादा पंप चालत असेल, तर नवल वाटायला नको.

आणखी एक शेवट आहे, आणि कसरतींच्या पथकांबाबत तो टाळून पुढे जाता येत नाही. भारतीय नौदलाच्या ‘सागर पवन’ पथकाकडेही किरणच होती. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या प्रदर्शनात त्यांतील एक कोसळले, दोघे वैमानिक गेले आणि ते पथक थांबले. ‘सूर्यकिरण’ची दोन हॉक विमाने १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे सरावात एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : मी अकरावीत आहे. हवाई दलाच्या सर्वांत जुन्या, ‘टायगर्स’ नावाच्या एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ग्वाल्हेरहून मिराज उडवली आहेत. मग युरोपात वाघाचे पट्टे रंगवलेली विमाने दिसतात तशी इथे का दिसत नाहीत? रंग दिल्याने विमानाचे असे काय बिघडते? (एक विद्यार्थिनी, लष्कर भाग, ग्वाल्हेर)

उत्तर : युरोपातील ती प्रथा ‘टायगर मीट’ या मेळाव्यातून आली आहे. ज्यांच्या बोधचिन्हात वाघ आहे अशा नाटो देशांच्या स्क्वाड्रन १९६१ पासून एकत्र जमतात आणि सजावटीत एकमेकांवर कुरघोडी करतात. आपली एक क्रमांकाची स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ची, म्हणजे त्या मेळाव्यापेक्षा बरीच जुनी आहे, पण आपल्याकडे बोधचिन्ह लहानसे काढून भागवतात आणि संपूर्ण अंग रंगवण्याची चाल रुजलेली नाही.

रंगाने काय बिघडते, हा फार चांगला प्रश्न आहे. विमानाचा रंग भिंतीच्या रंगासारखा नुसता फासून चालत नाही. खाली गंजरोधक अस्तर असते, त्यावर पॉलियुरेथेनचा थर येतो, आणि प्रत्येक थराला वजन असते. पंखाच्या व शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारे जे भाग असतात, ते रंगवल्यानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. बिजागरीच्या मागे थोडेसे वजन वाढले तरी मोठ्या वेगात तो भाग फडफडू लागण्याचा धोका असतो, आणि ही फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. नाकावरच्या टोपीआड रडार असते, त्यामुळे तेथे रंगाची जात आणि जाडी दोन्ही ठरवून दिलेल्या असतात. धातूचे कण असलेला सोनेरी रंग तेथे लावला तर रडारच आंधळे होईल.

सर्वांत बारीक लक्ष द्यावे लागते ते विमानाच्या अंगावरच्या काही छिद्रांकडे. हवेचा दाब मोजणारी ही छिद्रे पेन्सिलीच्या टोकाएवढी असतात, आणि उंची व वेग दाखवणारी उपकरणे त्यांवरच अवलंबून असतात. रंगकामाच्या किंवा सफाईच्या वेळी ती चिकटपट्टीने झाकतात आणि नंतर पट्टी काढायची असते. ऑक्टोबर १९९६ मध्ये पेरू देशात एका प्रवासी बोइंग ७५७ च्या सफाईनंतर ही पट्टी तशीच राहून गेली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना उंचीही खरी कळेना आणि वेगही, आणि विमानातले सत्तरही जण गेले. सजावटीचा खर्च रंगाच्या डब्यांपेक्षा अशा तपासण्यांत अधिक होतो. म्हणून हल्ली एका मोसमापुरती सजावट असेल तर पुष्कळ ठिकाणी सोलून काढता येणारी विनाइलची पापुद्र्यासारखी चित्रे चिकटवतात. त्या चित्राखाली कोणताही सूचनाफलक झाकला जाऊ नये, याचीही काळजी घेतात. कॉकपिटच्या बाजूचा छोटा लाल त्रिकोण इजेक्शन सीटचा इशारा देतो. अपघातानंतर वैमानिकाला बाहेर काढायला धावणाऱ्यांना तो दिसलाच पाहिजे, मग खाली वाघ असो की सिंह.

प्रश्न : चौकात किंवा बागेत उभ्या केलेल्या विमानांचे रंग खरे असतात का? (एक निवृत्त शिक्षक, मुरार)

उत्तर : बहुधा नसतात. उघड्यावर ऊन-पावसात मूळ रंग काही वर्षांत उडतो, मग स्थानिक यंत्रणा हाताशी असेल तो तेलरंग देते, कॉकपिटची काचही पुष्कळदा रंगवून टाकते, आणि एकदा का कोणाला तिरंगी पट्टे द्यायची हौस आली की मूळ रूप शोधणे कठीण होते. छपराखाली ठेवलेल्या विमानांची स्थिती चांगली राहते, हे उघडच आहे.

खरी ओळख पटवायची असेल तर रंगाकडे न पाहता अंगावरचा क्रमांक पाहावा, कारण रंग कितीही बदलले तरी क्रमांक त्या विमानाबरोबर अखेरपर्यंत राहतो. किरणचा क्रमांक ‘यू’ या अक्षराने सुरू होतो, एक आसनी मिराजचा ‘केएफ’ने आणि दोन आसनी मिराजचा ‘केटी’ने. तो टिपून घ्यायचा तर बागेतल्या विमानाचा घ्यावा; महाराजपुऱ्याच्या कुंपणापाशी कॅमेरा घेऊन उभे राहू नये, तेथे छायाचित्रणास मनाई आहे.