पाकिटाची वाट

‘ह्यांना सांगा ना मॅडम, नोकरी धरा म्हणून.’ ऑर्केस्ट्रात तबला-ढोलकी वाजवणाऱ्या नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईंचं हे पहिलंच वाक्य. कलाकाराची कमाई बेभरवशाची, मग त्याने वाजवणं सोडावं का, हा प्रश्न मुंबईत समुपदेशन करताना मला वरचेवर ऐकावा लागतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गृहस्थ ४३ वर्षांचे, राहायला चारकोपला. दादरच्या शिवाजी मंदिरापासून पार्ल्याच्या दीनानाथपर्यंत सगळीकडे वाजवलेलं. आता झोप उडालेली, फोन वाजला की छातीत धडधड. पहिल्या भेटीत मीच चुकले. ‘दुसरं काही करायचा विचार केलाय का?’ असं विचारून बसले, आणि ते गप्प झाले ते तास संपेपर्यंत.

पुढच्या वेळी एवढंच म्हटलं, ‘तुमचं वर्ष कसं जातं ते सांगा.’ मग मात्र ते बोलत सुटले. गणपतीत एका दिवसात दोन-दोन कार्यक्रम, लगेच पितृपक्षात शुकशुकाट. नवरात्र, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. परीक्षा जवळ आल्या की सोसायट्यांचे कार्यक्रम आटतात, पावसाळ्यात तर बघायलाच नको. २०२० च्या मार्चपासून सगळं ठप्प झालं होतं. त्यातून सावरेपर्यंत आयोजकांची भाषा बदललेली : ‘गायक ट्रॅकवर (आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर) गातील, वादक दोनच आणा.’ ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर एकटा वादकच तिघांचं काम उरकतो. शेवटची लोकल चुकली की डग्गा मांडीवर घेऊन टॅक्सी, म्हणजे नाइटमधले, एका कार्यक्रमाच्या पैशातले, पाचशे-सहाशे तिथेच गेले.

मी त्यांना डायरी आणायला सांगितली. तारखा होत्या, रकमा नव्हत्या. दोघांनी मिळून त्या भरल्या. हे करताना थोडी भांडणंही झाली, ती होऊ दिली. वर्षाचे ७८ कार्यक्रम, सरासरी नाइट ३,०००, म्हणजे २,३४,०००. प्रवास आणि तबल्याच्या पुड्या (वरची कातडी) यांचे ४२,००० वजा जाता महिन्याला १६,००० उरले. शिकवणीचे ७,००० धरून २३,०००. घरखर्च २६,०००.

‘म्हणजे तीन हजार कमी पडतात?’ बाई म्हणाल्या. दोन वर्षं त्या ज्या खड्ड्याकडे बघत होत्या, त्याला पहिल्यांदाच तळ दिसला. तीन हजार ही लहान रक्कम नव्हे, त्यांच्या घरात तर नाहीच. पण तिच्याशी झुंजता तरी येतं.

आणि डायरीच्या मागच्या पानावर खरी गोष्ट निघाली. तीन आयोजकांकडे ३१,००० अडकलेले. वर्षाची तूट ३६,०००! ‘मागितले का नाहीत?’ तर म्हणाले, ‘मानधन आहे मॅडम, मागून कसं घ्यायचं? पुढची सुपारी जाईल.’ मला वाटतं, या शब्दातला ‘मान’च वादकांच्या आड येतो. मानधन नसून मजुरी असती, तर ते दुसऱ्याच दिवशी दारात उभे राहिले असते.

मग दोन भेटी आम्ही फक्त फोनची तालीम केली. मी आयोजक झाले, टोलवाटोलवी केली. आधी ते माझीच माफी मागायचे. हळूहळू एक वाक्य बसलं : ‘साहेब, १४ तारखेची नाइट बाकी आहे, कधी पाठवताय?’ त्यापुढे गप्प राहायचं. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आल्यावर थांबणं त्यांना मी काय शिकवणार!

एका कंपनीने टीडीएस कापला होता आणि यांनी रिटर्न कधी भरलंच नव्हतं. त्यासाठी सीएकडे पाठवलं, ते माझं क्षेत्र नाही. नोकरीचं मी शेवटपर्यंत हो किंवा नाही सांगितलं नाही. त्यांनीच जून ते ऑगस्ट शिकवणीची एक बॅच वाढवायचं ठरवलं.

एका आयोजकाने १२,००० पाठवले, दुसरा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतोय, तिसरा फोन उचलत नाही. पण परवा डायरीत बाईंचं अक्षर दिसलं. एका तारखेपुढे त्यांनी लिहिलं होतं : ‘रिहर्सल २ दिवस. पैसे?’