फराळाच्या स्टॉलचा परवाना: एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न असा होता की तुम्ही आणि आई घरी चकली, चिवडा, लाडू करता, यंदा गणपतीत एका मंडळाच्या मैदानावर आणि मग दिवाळीआधी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय, आणि एजंट "सगळे परवाने करून देतो" म्हणून साडेचार हजार मागतोय, द्यावेत का. नका देऊ. मी डोंबिवलीतून २०१६ पासून स्टॉल लावतेय, सोसायटीतल्या एका टेबलापासून सुरुवात केली आणि आता वर्षाला सात-आठ प्रदर्शनं होतात, त्या जोरावर सांगते. हा एजंट जे कागद काढून देईल त्यातला एकच तुमच्या नावाचा असतो आणि तो तुम्ही स्वतः काढू शकता, आणि जो कागद खरंच अडचणीत आणतो तो त्याच्या हातात नसतोच.

म्हणजे बघा, परवाने दोन. एक तुमचा, एक जागेचा.

तुमचा म्हणजे एफएसएसएआयचं, केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात छोट्या लोकांसाठी लायसन्स नाही, नुसती नोंदणी आहे, आणि त्या छोट्या लोकांत फेरीवाला, किरकोळ विक्रेता आणि तात्पुरता स्टॉल लावणारा हे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे "तीन दिवसांच्या स्टॉलला कशाला लागतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मी २०२३ मध्ये काढलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये, मी एकदम पाच वर्षांचं काढलं, ५०० रुपये. फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर अर्ज करायचा, फोटो आणि आधार लागतं, आणि धंद्याचा प्रकार विचारतात तिथे घाई करू नका. तुम्ही माल विकत आणून विकत नाही, घरी बनवून विकता, तेव्हा बनवणं आणि विकणं दोन्ही दिसेल असं भरा. पत्ता घरचाच, कारण स्वयंपाक तिथे होतो. नियमाप्रमाणे सात दिवसांत नंबर देतात, नाहीतर हरकत किंवा तपासणी कळवतात, तरी मी म्हणेन महिनाभर हातात ठेवा, कारण फोटो नीट दिसत नाही एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. नंबर १४ आकडी असतो. सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलावर समोर लावा आणि बिलबुक छापताना नंबर त्यावर घ्या, २०२२ पासून बिलावर तो लागतोच. कॉम्प्युटरचं जमत नसेल तर जवळच्या ई-सेवा केंद्रात थोड्या पैशांत भरून देतात.

आता जागेचा परवाना. हा तुमचा नाही, आयोजकाचा असतो, पण तो नसला तर नुकसान तुमचं होतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

२०१९ ची दिवाळी. एका मैदानावर तीन दिवसांचं प्रदर्शन, स्टॉलचे ६ हजार आगाऊ भरले, मी आणि माझी जाऊ आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पॅकिंग करत होतो, ३८ किलो माल. सकाळी टेबल मांडलं, चादर घातली, पहिलं गिऱ्हाईक भाव विचारत होतं तेवढ्यात पालिकेची गाडी आली आणि लाइट बंद. आयोजक एक कागद नाचवत होता, "परमिशन आहे, परमिशन आहे". मी तो कागद हातात घेऊन बघितला. तो त्याचाच अर्ज होता, वर कोपऱ्यात निळ्या शाईत आवक विभागाचा गोल शिक्का आणि तारीख. म्हणजे अर्ज दिल्याची नुसती पोच! अर्जाला उत्तर आलेलंच नव्हतं. दुपारी दोनपर्यंत सगळे स्टॉल उठले, पैसे परत मिळाले नाहीत, आणि तो माल आम्ही पुढचे पंधरा दिवस ओळखीपाळखीत, ऑफिसात, शाळेच्या गेटवर ओळखीच्या आयांना असा विकला. माझी जाऊ त्या दिवशी रिक्षात रडत होती ते मी विसरत नाही.

म्हणून पैसे भरायच्या आधी आयोजकाला सांगा, परवानगीच्या पत्राचा फोटो पाठवा. आवकचा शिक्का म्हणजे परवानगी नाही. परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक, म्हणजे ऑफिसातून पत्र बाहेर पडल्याचा नंबर असतो, सही असते, कुठली जागा आणि कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत ते असतं, आणि मैदान पालिकेचं असेल तर भाडं भरल्याची पावती सोबत असते. तारखा नीट बघा, एकदा पत्रात दोनच दिवस होते आणि आमच्याकडून पैसे तीन दिवसांचे घेतलेले. मोठा मांडव असेल तर फायर ब्रिगेडचा ना हरकत दाखला आणि पोलिसांचं पत्रही विचारा. विचारायला संकोच वाटतो मला माहितीये, पण चांगला आयोजक लगेच पाठवतो, आणि जो "ताई तुम्ही टेन्शन घेऊ नका, आपली ओळख आहे" म्हणतो तिथे मी आता पैसे भरत नाही.

गणपतीच्या मंडळाचं वेगळं आहे. मंडळाला मांडवाची परवानगी मिळालेली असते पण त्यात तुमच्या स्टॉलची जागा दाखवलीय का हे विचारा, आणि मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की अमुक तारखेपासून अमुक जागा दिली, इतके रुपये घेतले. सोसायटीच्या आवारात असेल तर कमिटीचं पत्र बास. गावच्या जत्रेत ग्रामपंचायतीकडे किंवा देवस्थानाकडे जागेचे पैसे भरायचे आणि पावती खिशात ठेवायची, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला सांगतात.

आणि एजंट तुम्हाला "फेरीवाला लायसन्स" पण काढायला सांगत असेल तर ते तुमच्यासाठी नाही. ते २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली, रस्त्यावर, फुटपाथवर रोज बसणाऱ्यांसाठी, त्याला सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती वगैरे आहे. प्रदर्शनातल्या तीन दिवसांच्या गाळ्याला ते लागत नाही.

आता लेबल. हे कोणी आधी सांगत नाही. आमच्या पाकिटांवर पूर्वी फक्त नाव, २५० ग्रॅम आणि फोन नंबर असायचा. एका प्रदर्शनात अन्नसुरक्षा अधिकारी आले, सर्टिफिकेट बघितलं, ठीक म्हणाले, मग चकलीचं पाकीट उचलून उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि विचारलं कधी केली. मी म्हटलं परवा. ते शांतपणे म्हणाले, "हे पाकीट गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी उघडेल, त्याला तुमचं परवा कसं कळणार?" दंड नाही केला, पण लिहिल्याशिवाय विकू नका म्हणाले. शेजारच्या बांगड्यांच्या स्टॉलवरून मार्कर आणून आम्ही १६० पाकिटांवर हाताने तारखा घातल्या. तेव्हापासून स्टिकरवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन (पाकिटाचं वजन धरायचं नाही), बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, सगळे कर धरून किंमत, आपलं नाव-पत्ता-फोन, एफएसएसएआय नंबर आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका, एवढं सगळं येतं. चिवड्यावर शेंगदाणे आहेत हे ठळक लिहा, काही मुलांना त्याची ॲलर्जी असते. आणि चवीला देताना रद्दीचा पेपर अजिबात नको, शाई लागते, पॅकेजिंगच्या नियमातही वर्तमानपत्र चालत नाही. द्रोण घ्या.

तिथेच गरम चकली तळायचा विचार असेल तर पहिल्या वर्षी नका करू असं माझं मत. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर स्टॉलवर चालत नाही, जप्त करतात, १९ किलोचा कमर्शियल लागतो, शिवाय आग विझवायचं नळकांडं, आयोजकाची वेगळी परवानगी, वेगळं भाडं. पॅकबंद मालाला यातलं काहीच नाही.

बचत गट असेल तर उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन नाव घाला, महालक्ष्मी सरस या त्यांच्या प्रदर्शनात गटांना त्यांच्यामार्फतच स्टॉल मिळतो, एकट्याने अर्ज करून उपयोग नाही. पुण्यात भीमथडी जत्रा आहे, तिथेही बचत गटांच्या बायका बघून या, कोण काय कसं मांडतं ते बघूनच खूप शिकायला मिळतं.

शेवटी तुम्ही मावशींच्या ओळखीने गोव्यातल्या प्रदर्शनाचं विचारलंय. महाराष्ट्रात एवढ्या छोट्या विक्रीला जीएसटीचा प्रश्न येत नाही, पण दुसऱ्या राज्यात जाऊन तात्पुरता स्टॉल लावला की तिथे "कॅज्युअल" म्हणून नोंदणी घ्यावी लागते, विक्री कितीही कमी असली तरी. निदान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे होणारा कर आधीच भरायचा, आणि ती ९० दिवसांपर्यंत चालते. तीन दिवसांच्या विक्रीसाठी हा व्याप, वर गाडीभाडं आणि राहणं, मी हिशोब मांडला होता आणि गेले नाही. आधी गणपती आणि दिवाळी इथेच करा, पाकिटं किती जातात ते वहीत लिहून ठेवा, गोव्याचं पुढच्या वर्षी त्या आकड्यांवर ठरवता येईल.