रात्रभर स्क्रीनच बघायची का?

ताई, नमस्कार.

मुलाने इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा केलाय आणि पुण्यात मोबाइल टॉवरच्या जाळ्यावर स्क्रीनवरून नजर ठेवणाऱ्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, म्हणजे नॉकमध्ये, शिफ्टची नोकरी मिळतेय. 'तीन वर्षं शिकून रात्रभर लाल-पिवळे अलार्म बघायचे, ही वॉचमनकीच नाही का?' असं तुम्ही चिपळूणहून लिहिलंय.

राखण आहे खरी. पण कशी, ते बघा. भर पावसात घाटातल्या टॉवरची वीज जाते, स्क्रीनवर 'मेन्स फेल' येतं. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होत नाही, सगळा भार ४८ व्होल्टच्या बॅटरीवर. काही वेळाने 'बॅटरी लो', मग साइट बंद. पुढच्या पाच साइट त्याच टॉवरच्या मायक्रोवेव्ह लिंकवर, म्हणजे बिनतारी जोडणीवर, त्याही पाठोपाठ जातात. नवखा पोरगा सहा तिकिटं, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, काढून सहा टेक्निशियनची झोप मोडतो. जाणता अलार्मच्या वेळा लावतो, सगळ्यात आधी कोण ओरडलं ते शोधतो आणि एकालाच डीजी बघायला धाडतो.

त्याहून अवघड म्हणजे गप्प बसलेली साइट. उपकरण बिघाडाचा निरोप, म्हणजे एसएनएमपी ट्रॅप, पाठवतं तो बहुतेक यूडीपी या पद्धतीने, त्याची पोच मिळत नाही. वाटेत हरवला तर स्क्रीन हिरवीच! म्हणून सर्व्हर स्वतःहूनही उपकरणाला ठरावीक वेळाने विचारत राहतो. हे असं का, याच्या मागे जो लागतो तो पुढे ट्रान्समिशन, आयपी नेटवर्क किंवा ऑटोमेशनच्या कामाकडे सरकतो. नुसती तिकिटं बंद करणारे मात्र वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसलेले मी पाहिलेत, आणि एकाच बिघाडाचे अलार्म एकत्र बांधायचं काम आता सॉफ्टवेअरही करतं.

तेव्हा जाऊ द्या त्याला. पण नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, रात्रपाळ्या सलग किती आणि अधूनमधून साइटवर जायला मिळेल का, हे आधी विचारू दे. टॉवरच्या शेल्टरमधला, एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर एकदा डोळ्यांनी पाहिला की स्क्रीनवरची ओळ वेगळी दिसते. पहिल्या वर्षात लिनक्स आणि सीसीएनए या सिस्को कंपनीच्या परीक्षेच्या पातळीचं नेटवर्किंग पक्कं करावं.

झोपेची तुमची काळजी रास्त आहे. खोली बघताना सोबती दिवसपाळीवाले बघा, म्हणजे दिवसा खोली त्याची एकट्याची.